पाचवी फकिरी

माझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक असतं. जे ठाऊक नसतं तेही तो इतक्या ठामपणे सांगतो, की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटावं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी श्रेयसच्या या गुणावर भाळले होते. पुढे सवय झाली, आणि त्या सवयीनेच घात केला.

सासूबाईंचं नाव अक्काताई. घरात सगळेच त्यांना अक्का म्हणायचे, पोटचा मुलगासुद्धा. हातकणंगल्याकडच्या जैन शेतकऱ्याची लेक, लग्न होऊन कोल्हापुरात आलेली. रोज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी घालायच्या नाहीत. पण तान्हा श्रेयस तापाने फणफणला आणि डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्या गल्लीतल्या तालमीत गेल्या आणि मोहरमच्या पंजासमोर, त्या धातूच्या हातासमोर, पदर पसरून उभ्या राहिल्या. पोर जगलं तर पाच वर्षं त्याला फकीर करीन, असं बोलल्या. कोल्हापुरात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तिथे बाबूजमाल दर्ग्याच्या कमानीवर गणपती कोरलेला आहे, आणि पंजा खांद्यावर घ्यायला मराठ्यांची पोरं सगळ्यांत पुढे असतात.

पोर जगलं. जरा मोठं झाल्यावर त्याची फकिरी सुरू झाली. अंगात हिरवा सदरा, गळ्यात दोरा, खांद्याला झोळी. दर मोहरमात पाच घरी भिक्षा मागायची. दारातली बाई पसाभर पीठ घेऊन बाहेर यायची आणि विचारायची, "फकीर कुणाचा?" मागे उभ्या असलेल्या अक्का सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायच्या, "माझा हाय." तेवढं कानावर पडल्याशिवाय श्रेयस झोळी उघडायचा नाही. मग त्या पिठात घरचा गूळ घालून चोंगे लाटायचे, म्हणजे जाडसर गोड पुऱ्या, आणि ते पंजापुढे ठेवायचे. असं चार वर्षं झालं. पाचव्या वर्षी सासऱ्यांची, आप्पासोंची, नाशिकला बदली झाली आणि राहिलं ते राहिलंच.

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी, पुण्याच्या आमच्या घरात, अक्कांनी हा विषय काढला. गुडघे गेले होते, जिना उतरताना धाप लागत होती.

"चांद दिसला म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "पंजं बसतील आता. मला एकदा न्हे की रं. ती पाचवी फकिरी तेवढी राहिल्या."

"अक्का, आत्ता ऑफिसात मान वर करायला वेळ नाही. गणपतीत जाऊ. आपल्या तालमीत पंजा आणि गणपती शेजारीशेजारीच बसतात. एका फेरीत दोन्ही होईल."

"तसं नसतंय रं. ते चांदावर असतंय. फिरत ऱ्हातंय."

"अगं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. गणपतीची आरती झाली की लगेच पंजाला ऊद घालायचे."

बघितलं होतं, हे खरं. त्याच्या लहानपणी दोन्ही सण ओळीने तीन वर्षं एकत्र आले होते, आणि पोरवयात तीन वेळा बघितलेलं म्हणजे दगडावरची रेघ. तिकिटापासून तापमानापर्यंत सगळं फोनवर तपासणाऱ्या माणसाला स्वतःची आठवण तपासावी असं वाटलं नाही. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ते म्हणतायत तर असेल तसं." आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जुलैच्या पानात मोहरम छापलेलं होतं. त्याच पानावर मी रोज दुधाचे खाडे मांडत होते.

"तू शिकल्याला, तुला ठावं," अक्का म्हणाल्या.

गणपतीत आम्ही निघालो. अक्कांनी पहाटे उठून, ओट्याला टेकत टेकत, स्वतः चोंगे केले होते. मला हात लावू दिला नाही. फकिरी मागायला आता कुणाची दारं आणि कुणाची माणसं, म्हणून पीठ घरचंच घेतलं होतं. पण श्रेयसला पाच घरी उभा करायचाच, हे त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. तावडे हॉटेलपाशी गाडी शहरात वळली तेव्हा चोंग्यांचं फडकं मांडीवर धरून त्या काचेतून बघत होत्या. त्यांचा चेहरा माहेरी निघालेल्या बाईसारखा दिसत होता.

तालमीत गणपती मोठा झोकात बसला होता. शेजारी पंजाचा ओटा होता आणि त्यावर मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत लावली होती.

श्रेयस त्या खुर्च्यांकडे बघत राहिला. एक म्हातारे गृहस्थ आरतीचं तबक पुसत होते, ते पुढे आले. "पावणं कुठलं?" म्हणाले, आणि मग श्रेयसच्या मागे बघून थबकले. "आप्पासोंच्या अक्काताई न्हवं?"

ते बाबालाल मुजावर. पंजाची सेवा त्यांच्या घराण्यात, आणि गणपतीच्या प्रसादाची जबाबदारीही त्यांच्याचकडे.

"पंजा कुठं आहे?" श्रेयसने विचारलं.

"पंजं जुलैतच उठलं की. आता पेटीत हायती, माळ्यावर."

"पण दोन्ही एकत्र बसतात ना?"

"तीस-बत्तीस वरसांनी गाठ पडती, पावणं. मागं कोरोनाच्या टायमाला पडलीती. आता पुढची गाठ तुमच्या नातवंडास्नी."

श्रेयसचा चेहरा उतरला; पण हार मानेल तर तो श्रेयस कसला. पाच मिनिटं पेटी खाली घ्या, आई आजारी आहे, मंडळाला देणगी देतो, असं काहीबाही बोलत सुटला. बाबालाल मान हलवत होते. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

"चांद दिसल्याबिगर पेटी उघडत न्हाई. आईसाठी माझा जीव तुटतोय, पर ते माझ्या हातात न्हाई."

"श्रेयस, गप," अक्का म्हणाल्या. "त्येनला कशाला पेचात टाकतोस?"

बाबालालनी चळतीतली एक खुर्ची काढून दिली. अक्का तिच्यावर टेकल्या आणि मांडीवरचं फडकं सोडलंच नाही. पोरांना वाटू का, असं मी विचारलं, तर नको म्हणाल्या. नवसाचं आहे, असं वाटायचं नसतं. नंतर बाबालालना म्हणाल्या, "पुढच्या चांदाला येतो. कळवा हां." श्रेयसला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. परतताना उचगावच्या पुलापाशी त्याला म्हणाल्या, "जेवलास न्हाईस तू." मला तेव्हा नवऱ्याचा राग आला होता, आणि स्वतःचाही.

डिसेंबरात अक्का गेल्या. झोपेतच.

श्रेयस त्यानंतर कशावरच ठामपणे बोलेनासा झाला. भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तरी म्हणायचा, तूच बघ. पूर्वी मी यासाठी नवस बोलले असते. आता मीच त्याला मुद्दाम काही ना काही विचारत राहायचे.

यंदा जूनमध्ये बाबालालांचा फोन आला. चांद दिसला होता. "आईच्या म्हागं कसं करायचं?" श्रेयसने विचारलं. ते म्हणाले, "नवस आईचा, पर फकीर तर तूच हाईस की. ये."

आम्ही गेलो. ओट्यावर पंजा बसला होता, खुर्च्या कुठे दिसत नव्हत्या. बाबालालनी श्रेयसच्या गळ्यात दोरा बांधला. पांढऱ्या होत आलेल्या केसांचा माझा नवरा, हिरवा सदरा घालून, खांद्याला झोळी अडकवून गल्लीत निघाला. कुणी हसलं नाही. मी मागून चालत होते.

पहिलं घर बायडाबाईंचं. ऐंशीच्या पुढची, अक्कांच्या बरोबरीची बाई. पसाभर पीठ घेऊन उंबऱ्यात आली, डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "फकीर कुणाचा?"

श्रेयसने मागे वळून बघितलं. मागे मीच होते. मला उत्तर येत होतं, पण ते माझं नव्हतं.

बायडाबाई ओंजळ तशीच धरून उभ्या राहिल्या. श्रेयस पुन्हा दाराकडे वळला. झोळीचं तोंड त्याने दोन्ही हातांनी मिटून धरलं होतं, आणि तो वाट बघत होता.