डोळा नाही, मी मंदावलोय

मी एक म्हातारा तांबडा तारा. बोलणं माझा स्वभाव नाही. पण आज गप्प राहवत नाही. खाली लोणारजवळच्या शिवारात एक माणूस माझ्यामुळे स्वतःचा डोळा घालवायला निघालाय.

थंड वायूच्या ढगातून मी जन्मलो. तरुणपणी तुमच्या सूर्यासारखाच होतो. पिवळा, अंगाने घट्ट. मग पोटातलं जळण संपत आलं. माणूस म्हातारपणी आक्रसतो, मी फुगलो. सूर्याच्या जागी मला ठेवलं तर तुमची पृथ्वी माझ्या पोटात जाईल. अंग पसरलं तशी वरची कातडी निवली, म्हणून मी तांबडा.

त्यातही मी एकसारखा राहत नाही. फुगतो, आक्रसतो. अकराएक महिन्यांत एकदा झळाळतो, आणि मधे इतका मंदावतो की नुसत्या डोळ्याला दिसत नाही. शिकलेले लोक मला रूपविकारी तारा म्हणतात. म्हणोत.

त्या माणसाने, पंजाबरावांनी, दिवाळीनंतर उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेतला. पट्टी सुटली त्या संध्याकाळी ते हरभऱ्याच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहिले. मी ऐन भरात होतो. बाकीचे तारे पांढरे, माझा रंग त्यांना लगेच ओळखू आला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ते माझ्यावर डोळा तपासू लागले. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरलाही नाही.

आणि मी मंदावत गेलो. माघात दिसेनासा झालो.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन उद्या आहे. अंधार पडता पडता त्यांची बायको वच्छलाबाई शेतात आल्या.

"चाला, जेवून घ्या. सकाऊन गाडी हाय."

"मी नाही येत."

"काऊन?"

"तो तांबडा दिसून नाही राह्यला. हा डोळा बिघडला. आता दुसराही बिघडवून घेऊ काय?"

वच्छलाबाईंनी मान वर केली. "मले बी नाही दिसत."

"तुले तर समोरचं दूध उतू गेलेलं दिसत नाही."

"राहू द्या माझं. त्याच्या आजूबाजूचे दिसतात काय तुमाले?"

"दिसतात."

"बारीक बारीक बी?"

"हाव."

"मंग डोळा बिघडला, का तो तारा?"

"तारा कुठं बिघडते काय?" पंजाबराव खेकसले आणि घराकडे चालू लागले. येतो म्हणाले नाहीत.

बिघडतो, पंजाबराव. मंदावताना दर वेळी मलाच धास्ती वाटते, आता पुन्हा उजळेन की नाही. माझ्या अंगावरचा वायू आणि धूळ सतत उडून चाललीय. एक दिवस सगळं अंग जाईल, लहानसा पांढरा गाभा तेवढा उरेल. तो काही तुम्हाला दिसायचा नाही.

पण तो दिवस अजून लांब आहे. डाव्या डोळ्यावरचा पडदा मात्र रोज दाट होतोय, आणि मला खाली उतरून तुमचा हात धरता येत नाही.

वच्छलाबाईंचं ऐका. सकाळी गाडीत बसा. दिवाळीच्या सुमाराला मी पुन्हा भरात येईन, तेव्हा दोन्ही डोळ्यांनी बघा. आणि तेव्हाही दिसलो नाही, तर मी गेलो असं समजा. डोळ्यावर संशय घेऊ नका.