आर्गांतेच्या शिक्क्याचं वय

"तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. एवढी मोठी गोष्ट पेलायला छातीही तेवढीच लागते!" असं म्हणत म्हातारा आर्गांते थेट बाकावर चढला.

इटलीतल्या तार्क्विनिया गावच्या गोपालांची बैठक भरली होती. ओढ्याकाठचं कुरण यंदा आर्गांतेच्या गाईंना की सेत्तीमिओच्या, हे हात वर करून ठरायचं होतं. कुरण गेलं तर उन्हाळ्यात निम्मी गुरं विकावी लागणार, हे आर्गांते जाणून होता. पण चेहरा असा, की कुरण जणू खिशातच आहे.

"त्या संग्रहालयातल्या फियाम्माबाई! रोमच्याही आधीच्या आपल्या एत्रुस्कन वाडवडिलांनी घड्यांवर, कौलांवर काढलेल्या खुणा टिपून संगणकात भरतायत. एक खूण दाखवा, तो तिच्या सगळ्या बहिणी हुडकून देतो. परवा बाईंना माझ्या रानात एक जुनं कौल मिळालं. त्यावर काय असावं? वर्तुळात फुली! मी वासरांना डागतो तोच शिक्का! संगणकाला विचारलं, तर बिचारा घुमला, तापला, बाईंनी त्याला वारा घातला. शेवटी राजाच्या थडग्यातला घडा काढून दाखवला. त्यावर हीच खूण!"

"बरं, मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय? तो राजा माझा खापरपणजोबा! थडग्याच्या भिंतीवर रंगवलेला बैल मला बघून हंबरला. मालक ओळखतात जनावरं!"

"राजाच्या नातवाची विजार मागून फाटलीय," सेत्तीमिओ म्हणाला.

"सिंहासनाला खिळे असतात रे, तुला काय कळणार!"

बैठक खदखदून हसली. लोखंड तापलंय, हे आर्गांतेने हेरलं. "तेव्हा बाबांनो, ते कुरण अडीच हजार वर्षं आमच्याच घरचं. मी मागत नाहीये, तुम्हाला आठवण करून देतोय. करा हात वर!"

एक हात वर गेला. मग दुसरा. मागच्या रांगेतले तर दोन्ही हात वर करू लागले. आर्गांतेने मिशीला पीळ दिला.

तेवढ्यात सेत्तीमिओ ताडकन उठला.

"हात खाली घ्या रे! अरे लबाडा, वसंतातल्या डागणीला तुझ्या वासराचे पाय कुणी धरले होते? मीच ना? गवत पेटू नये म्हणून तापलेला शिक्का तू त्याच कौलावर टेकवलास, माझ्या डोळ्यांदेखत! काजळी आहे ती! थुंकी लावून बोट फिरव, तुझा राजा पुसला जाईल!"