पाटी यायच्या आधी

सासूबाईंना ऐकू येत नाही. अक्षरओळखही नाही. पण ओठांवरून त्या सगळं ओळखतात, शेजारणींच्या चहाड्यासुद्धा. माझं पोर गेलं त्या दिवसापासून मात्र मी तोंड उघडलं की त्या मान फिरवायच्या. बहिऱ्या माणसाने मान फिरवली की संपलंच, मग बोला भिंतीशी.

नवऱ्याने त्यांना सांगून ठेवलं होतं, पोर तापाने फणफणलं होतं आणि ही खुशाल झोपली होती. खरं असं, की मीच याला डॉक्टर आणायला पिटाळलं होतं. वाटेत याचा स्टुडिओ. ऊन छान पडलं होतं, आणि आमचे मूकपट उन्हावरच निघायचे. हा चित्रण करत बसला. ऊन उतरल्यावर डॉक्टरला घेऊन आला, तोवर सगळं आटोपलं होतं.

थोड्याच दिवसांत त्याने नवा मूकपट काढला. विषय, पोर गमावलेली आई. नायिका मीच. आयतं दुःख घरात होतं, बाहेर कशाला शोधायचं?

मूकपटात चित्रण चालू असताना दिग्दर्शकाने कितीही ओरडावं, आवाज कुठे उमटतोय? त्याने कॅमेरा माझ्या तोंडाजवळ आणवला आणि स्वतः त्याला खेटून उभा राहिला. कॅमेऱ्याचं हँडल फिरू लागताच सुरू झाला, "रड! तुला हाका मारत होता ना तो? आठव! रड ना!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी रडले नाही. जन्मात पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं, आणि अजून करते.

"डॉक्टर आणायला गेला होतास तू! ऊन बघून इथे थांबलास! माझं पोर तू मारलंस!"

हँडल फिरवणारा पांढराफटक पडला, पण त्याने हात थांबवला नाही. नवरा म्हणाला, "झकास! हाच तुकडा ठेवायचा. तू काय बोललीस त्याची पडद्यावरची पाटी मी लिहितो."

पाटी लिहिली, 'नाथ, चूक माझीच!'

पहिल्या खेळाला त्याने आईला मिरवत नेलं आणि पहिल्या रांगेत आम्हा दोघांच्या मध्ये बसवलं. लेकाचं कौतुक बघायला आल्या होत्या त्या. माझं तोंड पडद्यावर भिंतीएवढं आलं. आता मान फिरवून जाणार कुठे?

पडद्यावर माझे ओठ हलले. मग पाटी आली, आणि मागच्या बायका मुसमुसू लागल्या. सासूबाईंना त्या पाटीचा उपयोग नव्हता. त्या पडद्याच्या उजेडात लेकाकडे बघत होत्या.

आपला आवाज किती चढलाय ते बहिऱ्या माणसाला कळत नाही. पडद्याखाली पियानो वाजवणारा दचकून थांबला, इतका सासूबाईंचा चढला.

"ऊन पडलं म्हणून थांबलास?"

तो स्वतःचे बूट निरखत बसला. त्यांनी त्याची हनुवटी पकडली.

"तोंड इकडे कर," त्या ओरडल्या. "तोंड इकडे कर आणि बोल!"