कठड्यावरच्या चादरी

आमच्या हॉटेलचं जुनं जाहिरातीचं पोस्टकार्ड आजोबांनी छापून घेतलेलं. सोलापुरातल्या नवी पेठेतली दुमजली इमारत, दारात टांगा, वर लाकडी कठडा आणि कठड्यावर ओळीनं वाळत घातलेल्या चादरी. आजोबांचा हट्टच होता म्हणे, रोज धुतलेल्या चादरी रस्त्याच्या बाजूलाच वाळल्या पाहिजेत, गिऱ्हाइकाला दिसल्या पाहिजेत!

ती कार्डं संपली. गड्ड्याच्या जत्रेला गावोगावचे व्यापारी येतात, त्याआधी नवी छापायची म्हणून मी चित्र काढलं, चादरींसकट, चादरींवरच्या मोरांसकट! अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "दाक्षी, चौऱ्याहत्तर साल हाय. धुणं कोण छापतं गं?" आणि काम दिलं पुण्याच्या पेंटरला. त्यानं आमचं हॉटेल चार मजली केलं. पुढं हिरवळ, कारंजं, लाल मोटार! अप्पा लई खूश. नमुन्याची कार्डं व्यापाऱ्यांना धाडलीसुद्धा.

"अप्पा, हे आपलं हॉटेलच न्हाय."

"जाहिरात हाय ती. तू भूगोल कर."

मी चित्र भूगोलाच्याच वहीत ठेवलं.

शनिवारी शाळा सुटली. येते तर हॉटेलसमोर एक फेटेवाले पाहुणे उभे, एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात पुण्याचं कार्ड! कार्ड बघतात, वर बघतात, पुन्हा कार्ड.

"पोरी, हे हॉटेल कुटं आलं गं? दोन चकरा झाल्या की."

हसू दाबून मी वहीतलं माझं चित्र पुढं केलं.

"अरे, हे तर हितंच हाय की! ह्या काय मोराच्या चादरी!"

हे इंडीचे कापडवाले चनबसप्पा, सोलापुरात पहिल्यांदाच आलेले. कार्ड धाडणाऱ्याचं नाव त्यांना ठाऊक होतंच; गल्ल्यावर बसलेल्या अप्पांना त्यांनी आत शिरताच विचारलं, "वीरभद्रप्पा, कारंजं कुटं ठेवलंय?"

अप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं!

"पण चादरी धुतलेल्या दिसल्या, बरं वाटलं बगा. खोली द्या."

पाहुणे जिना चढून गेले. अप्पांनी माझ्याकडं न बघताच हात पुढं केला. "दे ते चित्र."

"नीट मागा की!"

"दाक्षायणीबाई, चित्र देता का?"

"खाली माझं नाव पायजे."

आता छापून आलंय. टांग्याच्या चाकाखाली, बारीक पण ठसठशीत: चित्र - दाक्षायणी, नववी ब. अख्ख्या वर्गात कार्डं वाटली मी! आणि आज सकाळी अप्पा स्वतः रस्त्यात उभे राहून वर कठड्यावर चादरी टाकणाऱ्या गड्यावर ओरडत होते, "अरे, मोर रस्त्याकडं कर, रस्त्याकडं!"