वैतरणीचे सोवळे

ज्या कानांनी एकदा खरे संगीत ऐकले, त्या कानांनी दुसरे काही ऐकणे हा व्यभिचार होय.

हे वाक्य अड्यारमधल्या एका दुमजली घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत, जाड काळ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवलेले होते. कागद म्हणजे दंतवैद्याकडून आलेल्या कॅलेंडरमधला फेब्रुवारी महिना, पाठकोरा. लिहिणारा एकोजी तेवीस वर्षांचा होता. त्याचा व्यभिचाराशी तर सोडाच, निष्ठेशीही अजून कधी संबंध आलेला नव्हता, आणि त्याचा दुपारचा दहीभात अजून आत्याच कालवून देत असे.

साल अठ्ठ्याण्णव. आम्ही चौघे त्या खोलीत हेवी मेटल वाजवत असू. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांनी असे समजावे की, भांड्यांचे कपाट जिन्यावरून खाली येत आहे आणि कपाटाचा मालक त्याच वेळी त्याविषयी जाहीर तक्रार करीत आहे. तक्रार आणि मुख्य गिटार एकोजीकडे. ड्रम रंगाकडे, बेस गिटार सेतुमाधवकडे. हे तिघे तंजावरी मराठी, म्हणजे ज्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि क्रियापदे तेव्हाचीच ठेवून राहिले. चौथा मी, आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यातल्या फोरमनचा मुलगा, मूळचा अकोल्याचा. माझ्याकडे दुसरी गिटार होती. तिचे काम एकोजीच्या चुका झाकणे हे होते, आणि त्यात मला माझ्या चुकांची फार मदत होई.

बँडचे नाव ‘वैतरणी’. ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा एकोजीच्या आत्या सकवारबाईंनी विचारले होते की, कोण वारले आणि गाय कोण देणार.

चौघेही कर्मठ घरांतले. घरातले सोवळे-ओवळे आम्हांला हास्यास्पद वाटे. सकवारबाई सकाळी ओलेत्याने स्वयंपाकघरात जात आणि वाटेत कोणी शिवले की पुन्हा नळाखाली. हे आम्ही गच्चीवर नकला करून हसत असू. हसून झाले की एकोजी आमचे वॉकमन तपासत असे.

ते असे. आठवड्यात प्रत्येकाने फक्त मेटल ऐकायचे. तालमीला येताना वॉकमन बरोबर आणायचा, दारात उभे राहून त्याचे झाकण उघडायचे. आतल्या कॅसेटवरचे लेबल एकोजी वाचणार, मान हलवणार, मग आत प्रवेश. लेबलात खोट निघाली तर प्रायश्चित्त: आमच्याकडच्या सर्वांत कर्कश कॅसेटची एक पूर्ण बाजू, हेडफोन लावून, उभ्याने. रंगाला एकदा हे घडले होते. त्याच्या वॉकमनमध्ये कर्नाटक संगीताची कॅसेट सापडली. ती बहिणीची आहे असे तो म्हणाला, पण बहीण साक्षीला आली नाही. पंचेचाळीस मिनिटे तो टाकीला टेकून उभा होता, आणि एकोजी त्याच्यासमोर संगीताच्या पतनाची यादी सांगत होता. यादीच्या तळाशी हवाईयन गिटार होती. सिनेमाची गाणी हवाईयन गिटारवर वाजवणारा माणूस त्याच्या मते गिटारची उत्तरक्रिया करीत होता.

त्या दिवसापासून आमच्यापैकी कोणाच्याही लेबलात कधी खोट निघाली नाही.

एकोजीचे वडील तुकोजीराव रेल्वेतून निवृत्त झालेले. कोणावर ओरडत नसत, कालमर्यादा घालून देत. एकोजी मेकॅनिकल इंजिनिअर होता आणि श्रीपेरुंबुदूरच्या नव्या मोटार-कारखान्यातले त्याचे नेमणूकपत्र देवघरात समईखाली ठेवलेले होते. रुजू होण्याची तारीख एक जुलै. बंगळूरच्या एका मोठ्या संगीतमहोत्सवासाठी तीस जूनपर्यंत ‘वैतरणी’ची निवड झाली तर ते पत्र परत पाठवायचे आणि वर्षभर काही बोलायचे नाही, असा तुकोजीरावांचा शब्द होता. नाही झाली तर कंपनीची बस. एकोजीला त्या बसची दहशत होती. कारखान्यातल्या माणसांचे कान दोन महिन्यांत मरतात, असे तो म्हणे. आमचे तोवर का टिकले होते याचा त्याने कधी विचार केला नाही.

महोत्सवाची निवड करणारे व्यासराज जूनच्या दुसऱ्या शनिवारी स्वतः आले. बंगळूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे, पन्नाशीचे, पांढरा बुशशर्ट आणि छत्री. मेटलच्या माणसाकडे छत्री असावी हे एकोजीला खटकले. सकवारबाईंनी मात्र तीन मिनिटांत त्यांचे गोत्र, आजोळ आणि आपल्या चुलतनणंदेशी असलेले नाते शोधून काढले आणि कॉफी दिली. ते आमच्यातलेच निघाले. याचाही एकोजीला रागच आला. परीक्षक परका हवा, असे त्याचे मत होते.

अडचण दुसरीच होती. त्या दिवशी दुरुस्तीसाठी आमच्या भागातली वीज नऊ ते दोन बंद होती. तशी सूचना चार दिवस आधी पेपरात येते. ती आम्ही वाचली नव्हती, कारण बातम्या ऐकणेही नियमात बसत नाही असा सेतुमाधवचा समज होता आणि वाचण्याबद्दल त्याने स्वतःला सवलत दिली नव्हती. व्यासराजांची गाडी दीडची. अँप्लिफायरशिवाय आमचे मेटल म्हणजे चार माणसे लोखंडी तारा खाजवीत बसल्यासारखे दिसते.

व्यासराज म्हणाले, हरकत नाही, तालमीची कॅसेट असेल ती ऐकवा. सेलवर चालणारा टेप होता. कॅसेटही होती: मार्चमध्ये एका स्टुडिओत दोन तास घेऊन आम्ही चार गाणी ध्वनिमुद्रित केली होती आणि प्रत्येकाला एक प्रत मिळाली होती. एकोजीची प्रत फळीवरच होती, लाल अक्षरांत ‘वैतरणी’ लिहिलेली.

एकोजीने तिच्याकडे पाहिले आणि तो एकदम तत्त्वज्ञ झाला. म्हणाला, सर, बँड वाजवतो काय ते मागाहून. तो ऐकतो काय ते आधी पाहा. अस्कं, म्हणजे सगळें, त्यांतच आहे. मग आम्हां तिघांना दारात उभे केले, वॉकमनची झाकणे उघडायला लावली आणि लेबले वाचून दाखवली. तिन्ही निष्कलंक. एका लेबलावर तर कवटी होती.

व्यासराज पदार्थविज्ञानाचे. लेबलावर त्यांचे समाधान झाले नाही. रंगाच्या वॉकमनमधली कॅसेट काढून त्यांनी टेपात घातली आणि बटण दाबले.

तविल वाजू लागले. देवळात आणि लग्नात नागस्वराच्या, म्हणजे तिकडच्या लांब सनईच्या, साथीला असते ते ढोलके. मागे पंगतीचा गलका, कोणीतरी सांबार मागत होते. रंगाने मामेबहिणीच्या लग्नात वादकाच्या पायाशी बसून दीड तास टिपले होते. व्यासराजांनी डोळे मिटले, मांडीवर बोट चालू झाले. सहाव्या मिनिटाला ते म्हणाले, “आहाहा.” त्या खोलीत हा शब्द पूर्वी कधी कोणी उच्चारला नव्हता.

सेतुमाधवची कॅसेट लागली. तीस वर्षांपूर्वीची तमिळ युगुलगीते, एकामागून एक, सगळी चंद्रावर. चौथ्या गाण्यात तो स्वतः पुसटसा गुणगुणताना ऐकू येत होता. त्याने मान इतकी खाली घातली की त्याची हनुवटी बेस गिटारच्या पट्ट्यात गेली.

माझ्या कॅसेटवर नाट्यसंगीत होते. माझा बचाव असा की ती कॅसेट आईची होती. तिच्यावर कवटीचे लेबल मी चिकटवले होते, हे त्या बचावात बसत नाही.

आमची फसवणूक इतकी एकसारखी होती की ती ठरवून केल्यासारखी दिसत होती, आणि दुःख हे की आम्ही एकमेकांनाही फसवत होतो. सहा महिने आम्ही तिघे एकमेकांना मेटलच्या कॅसेटी वाखाणून सांगत होतो, ज्या कोणीच ऐकल्या नव्हत्या. सोवळ्यात वस्त्र ओले आहे की नाही एवढेच पाहतात; आत माणूस कोण आहे ते विचारीत नाहीत.

एकोजी उठला. आम्हांला तो काय काय म्हणाला ते सगळे देत नाही; त्यातले निम्मे तमिळ होते आणि उरलेले आमच्या आयांनी ऐकण्यासारखे नव्हते. सार असे की आम्ही बाटलो आहोत, तिघेही या क्षणापासून बँडबाहेर आहोत, आणि बाटलेल्या माणसांबरोबर वाजवण्यापेक्षा तो एकटा वाजवील. हे ऐकून जिन्यातून सकवारबाईंनी विचारले की, कोण बाटले.

या गोंधळात व्यासराजांनी हात लांब करून फळीवरची लाल अक्षरांची कॅसेट टेपात घातली होती. एकोजी अजून बोलतच होता. बटण दाबल्याचा आवाज त्याने ऐकला आणि तो वाक्याच्या मध्यावर थांबला.

हवाईयन गिटार. सिनेमाचे गाणे. तार घसरत घसरत वर गेली, तिथे थरथरली आणि लाडीकपणे खाली आली. मागे कोणीतरी खुळखुळा वाजवीत होते.

व्यासराजांनी कॅसेट पुढे सरकवली. हवाईयन गिटार. उलटी केली. हवाईयन गिटार.

“कोठलें रे हे?” रंगाने विचारले. आवाजात द्वेष नव्हता. फक्त सुख होते.

एकोजी भिंतीवरच्या फेब्रुवारीकडे पाहत राहिला. हळूहळू बाहेर आले. दंतवैद्याकडे हेच लावलेले असते. त्याच्या दाढेचे काम पाच खेपांत झाले होते. तिसऱ्या खेपेपासून तो वेळेआधी जाऊन बसत असे. शेवटी त्याने कंपाउंडरकडून कॅसेट मागून आणली आणि घरी उतरवून घेतली.

“पण आमच्या गाण्यांवर कां?” सेतुमाधवने विचारले.

“कां म्हणजे,” एकोजी म्हणाला, “ती एकच कॅसेट होती पा, जी कोणीं ऐकावयास मागणार नाही.”

व्यासराजांनी बाकीच्या तीन प्रती विचारल्या. रंगाच्या प्रतीवर तविलचा दुसरा भाग होता. सेतुमाधवच्या प्रतीवर चंद्र. माझ्या प्रतीवर आईच्या कॅसेटीत न मावलेले एक पद होते, ज्याची एकच ओळ अकरा मिनिटे चालते.

“ऐकावयाचें तुम्हांस कळतें,” व्यासराज म्हणाले. “वाजवावयाचें काय तें मला सांगतां येत नाही. तुमच्या टेपवर अस्के आहेत, तुम्हीच नाहीत.”

मग ते जेवायला खाली गेले. जाताना त्यांनी सांगितले की, शुक्रवारपर्यंत चौघांनी मिळून काहीतरी वाजवून पाठवा, एक गाणे पुरे. चारही कॅसेटी त्यांनी उतरवून घेण्यासाठी छत्रीबरोबर पिशवीत टाकल्या. सकवारबाईंनी त्यांना डांगर पच्चडी, म्हणजे उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, दुसऱ्यांदा वाढली.

दोन वाजता वीज आली. अँप्लिफायर गुणगुणू लागला. रंगा ड्रमवर बसला, सेतुमाधव आणि मी गिटारी गळ्यात अडकवून उभे राहिलो, कारण सहा दिवस हातात होते आणि गाणे एकच हवे होते. एकोजी म्हणाला, नाही. बँडबाहेर काढलेल्यांना परत घ्यायचे तर प्रायश्चित्त हवे, आणि ते देणाराच बाटलेला असल्याने ते द्यायचे कोणी. सेतुमाधवने सुचवले की, आपण चौघे एकदमच एक बाजू उभ्याने ऐकू आणि मोकळे होऊ. एकोजीने विचार केला, होकार दिला आणि सर्वांत कर्कश कॅसेट काढली. ती लावली तेव्हा तिच्यावर भजने निघाली. ती कोणी उतरवली ते आजतागायत कळलेले नाही. मला सकवारबाईंचा संशय आहे.

“सरि,” म्हणजे ठीक आहे, असे एकोजी म्हणाला आणि त्याने टेप बंद केला. ‘वैतरणी’ विसर्जित झाल्याचे त्याने त्याच फेब्रुवारीवर, वाक्याच्या खाली, तारखेनिशी लिहिले. शुक्रवार आला आणि गेला. कोणीही काहीही वाजवले नाही. नियम मोडल्याबद्दल नव्हे, नियम पाळण्याची सोय उरली नाही म्हणून.

एक जुलैला पहाटे पाच चाळीसला तो अड्यारच्या सिग्नलपाशी कंपनीच्या बसमध्ये चढला. हातात दहीभाताचा डबा होता. तुकोजीराव पोचवायला गेले होते. बस सुटल्यावर त्यांनी घड्याळ पाहिले.

ऑगस्टमध्ये व्यासराजांनी कॅसेटी पोस्टाने परत पाठवल्या. तविल फार आवडल्याचे त्यांनी सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते. फाइलीत लावायला एखादी कॅसेट आली असती तर बरे झाले असते, कशीही चालली असती, असेही लिहिले होते. महोत्सवात बाहेरगावच्या बँडसाठी चार जागा होत्या. अर्ज तीन आले होते, आमचा धरून.