ओरखड्यांची गिटार

वाइसाकेची आधीची बेस गिटार चुलतभाऊ तानिएलाने 'केरेकेरे' म्हणत मागून नेली होती. आमच्याकडे फिजीत नातलगाने हा शब्द उच्चारला की वस्तू द्यावीच लागते.

म्हणून या वेळी लौटोकातल्या जुन्या सामानाच्या दुकानात वाइसाकेने चकचकीत लाल गिटार परत ठेवली आणि रंग उडालेली, ओरखड्यांनी भरलेली उचलली. तिचा दांडा सरळ होता, जाड तार पोटात घुमत होती आणि किंमत झेपण्यासारखी होती.

"असलं भंगार घेतलंस?" बायको लिटियाने विचारलं.

"म्हणूनच घेतलं. हिच्याकडे कोण बघणार?"

रविवारी चर्चमध्ये खरंच कोणी बघितलं नाही. पण पहिल्याच गाण्याला बाकं थरथरली. प्रार्थना संपताच तानिएला जवळ आला.

"दादा, दिसायला मेलेलं डुक्कर, पण आवाज काय आहे रे हिचा."

"आज लागला नशिबाने. एरवी नुसती खरखरते."

"बघू की पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी वाइसाकेने तारांखाली फडकं कोंबलं. गिटार ठकठक वाजत राहिली. तानिएला पहिल्या बाकावर कान देऊन बसला होता.

तो अजूनही दर रविवारी तिथेच बसतो, आणि फडकंही अजून तारांखालीच आहे.