बाहेरून न उघडणारा दरवाजा

रोज सकाळी सात पंचवीसला मी आमच्या गाडीच्या बंद दरवाजासमोर उभी असते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पर्स, आणि चेहऱ्यावर, आमची लेक म्हणते तसा, खून करायला निघाल्याचा भाव. माझ्या बाजूच्या दरवाजाचं बाहेरचं हँडल चार महिन्यांपूर्वी माझ्याच हातात आलं. तेव्हापासून तो फक्त आतून उघडतो. आतून उघडायला आत कोणीतरी हवं, आणि आत असतात आमचे हे. हे आधी बसतात. आरसा नीट करतात. चष्मा काढून पुसतात, परत चढवतात. पट्टा लावतात. मग त्यांना माझी आठवण होते. मग पट्टा काढून आडवे होतात, कण्हत हात लांब करतात आणि दरवाजा ढकलतात.

मागे का बसत नाही, असं कोणी विचारू नका. एकदा बसले होते. हे रस्ताभर गाल फुगवून होते. “मी काय भाड्याचा ड्रायव्हर आहे?”

गाडी एकवीस वर्षांची, दोन लाख एक्क्याण्णव हजार किलोमीटर पळालेली. घेतली तेव्हा लेकीला दात येत होते. मागच्या पट्ट्यावर ते दात अजून दिसतात. गाडी वळवली की हॉर्न आपोआप वाजतो, त्यामुळे रस्त्यावरची निम्मी माणसं आम्हाला हात करतात आणि हेसुद्धा प्रत्येकाला हात करतात. माझ्या बाजूची काच वर-खाली करायचा दांडा केव्हाच निखळलाय. तो समोरच्या खणात असतो. त्या खणात काय काय असतं ते मी बघत नाही, कारण तो उघडला की बंद होत नाही. हे सगळं मी चालवून घेतलं. पण नोकरीवर निघालेल्या बाईनं स्वतःच्याच गाडीबाहेर वसुलीला आल्यासारखं ताटकळायचं म्हणजे अति झालं.

आणि जुनं कधी टाकायचं हे मला कोणी शिकवू नये. मी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागाची प्रमुख आहे. रोज शेकडो चादरी माझ्या हाताखालून जातात. चादर खिडकीसमोर धरायची, मागे आपला पंजा न्यायचा. बोटं मोजता आली की चादर बाद. उभी फाडायची आणि फडक्यांच्या टोपलीत. हाताखालच्या बायका हळहळतात, “बाई, अजून एक महिना चालली असती हो!” मी ऐकत नाही. दिवसाला वीस-वीस चादरी बाद करते, डोळ्याचं पातं लवत नाही.

घरी मात्र माझं काही चालेना.

लेक दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिनं फोनवर सांगितलं, “आई, नवी गाडी घे, बिनगिअरची. तू स्वतः चालवत जाशील.” माझ्याकडे लायसन्स आहे बरं का. एकोणीस वर्षं कपाटात पडून आहे. परीक्षा पास झाले त्याच आठवड्यात मी पुढे जायच्या गिअरऐवजी मागे जायचा टाकला आणि शेजाऱ्यांचं फाटक त्यांच्या अंगणात नेऊन ठेवलं. तेव्हापासून गिअर या वस्तूशी माझं बोलणं बंद आहे. पण बिनगिअरची! माझ्या डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. मी, माझी गाडी, काचा खाली, कोणाची वाट बघणं नाही.

मी यांना म्हटलं, “ऐकलंत का? नवीन घेऊ. मी माझी मी जात जाईन. तुमचीही रोजची दगदग वाचेल.”

“वाचेल,” हे म्हणाले, आणि उठून झाडांना पाणी घालायला गेले. झाडांना पाणी मी तासाभरापूर्वीच घातलं होतं.

हे पाच महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. छत्तीस वर्षं बसगाड्यांची वेळापत्रकं आखायचं काम केलं. कुठली बस कुठून किती वाजता सुटणार ते हे ठरवायचे, आणि शहरातली हजारो माणसं त्यांच्या मिनिटांवर धावायची. निवृत्तीनंतर पहिला आठवडा नऊ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसून राहिले. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, इस्पितळाच्या व्हॅननं जाऊ नकोस, मी सोडतो. तेव्हापासून घरून सात पंचवीस, इस्पितळाचं मागचं फाटक सात त्रेपन्न. संध्याकाळी पाच दहाला फाटकाशी हजर. बायकोला धुलाईखान्याच्या दारात सोडायला माणूस बूट पॉलिश करतो, खिशाला पेन लावतो! मला वाटायचं, जुनी सवय, दुसरं काय.

हँडल तुटल्यावर दोनच दिवसांत नव्या गाड्यांच्या दुकानातला विक्रेता घरी आला. टाय लावलेला, बोलायला गोड. त्यानं आमच्या गाडीभोवती लांबूनच एक चक्कर मारली. म्हणाला, “मॅडम, जुनी आम्ही बदल्यात घेऊ. किलोमीटर किती का असेनात. फक्त चारही दरवाजे आतून-बाहेरून उघडायला हवेत. आमचा नियम आहे.”

“एवढंच ना!” मी म्हटलं. “अहो, गॅरेजवाल्या मिस्त्रीला सांगून हँडल बसवून घ्या.”

“घेतो की,” हे म्हणाले, इतक्या साळसूदपणे की मी फसले.

पहिल्या आठवड्यात कळलं, हँडल बाजारात नाही. दुसऱ्या आठवड्यात, कंपनीनं बनवणंच बंद केलंय. मग कुठल्याशा गोदामात एक सापडलं. मग ते जहाजात चढलं. मग बंदरावर संप झाला. मी जेवताना रोज विचारायची, “काय म्हणतंय जहाज?” आणि हे गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “समुद्र खवळलाय.” मी, शेकडो चादरींतून नेमकी विरलेली चादर ओळखणारी बाई, एका हँडलासाठी समुद्र शांत व्हायची वाट बघत बसले. टायवाला दर सोमवारी फोन करायचा. त्याला जहाजाच्या बातम्या द्यायचा मलाच कंटाळा आला.

हे सगळं उघडं पडलं ते यांच्या अक्कलदाढेमुळे.

शनिवारी सकाळी गाडी ब्रेकच्या कामासाठी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये टाकली आणि आम्ही चालत जवळच्या दंतवैद्याकडे गेलो. दाढ निघाली. दंतवैद्यबाईंनी यांच्या तोंडात कापसाचा हा एवढा बोळा कोंबला आणि बजावलं, “दोन तास बोलायचं नाही. आणि आज गाडी बिलकूल चालवायची नाही, औषधानं गुंगी येईल.” हे मान डोलवून हो म्हणाले. गाल टम्म, डोळे अर्धे मिटलेले. मला जरा दयाच आली.

गॅरेजमध्ये गेलो तर मिस्त्री खुशीत. हा माणूस बोलायला लागला की थांबत नाही, आणि आमच्या गाडीवर त्याचा स्वतःच्या भावंडापेक्षा जास्त जीव.

“वहिनी, काय इंजिन आहे! अजून लाखभर किलोमीटर मरण नाही हिला. ब्रेक झाले, हॉर्नची तार पण बघितली असती, पण साहेब म्हणतात राहू दे, लोक हात करतात.”

“आणि दरवाजाचं हँडल?” मी विचारलं. “जहाज कुठवर आलं?”

“कसलं जहाज?”

“हं हं हं!” माझ्यामागून आवाज आला. मी वळून पाहिलं. हे दोन्ही हात हलवत होते.

“साहेबांना जास्तच दुखतंय वाटतं,” मिस्त्री कळवळून म्हणाला. “हँडल ना वहिनी? ते तर मी तुटलं त्याच आठवड्यात आणून दिलं साहेबांच्या हातात. दोन दुकानं सोडून मिळतं. म्हटलं, पाच मिनिटांत बसवतो. तर म्हणाले, नको, खणात ठेवतो, घाई नाही.”

“हंऽऽ!” यांनी मिस्त्रीचा दंड धरला.

“बसा साहेब, बसा! पाणी देऊ?”

मी मिस्त्रीकडून किल्ली घेतली, ड्रायव्हरच्या बाजूनं गाडीत शिरले आणि तो खण उघडला. काचेचा दांडा, लिमलेटच्या गोळ्या, एक सुकलेलं पेन, आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. फडकं माझ्याच इस्पितळाच्या चादरीचं, मीच फाडलेलं. आत नवंकोरं हँडल, चकचकीत. चार महिने माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर ते निवांत पडलं होतं आणि मी उन्हात उभी होते.

माझा पारा असा चढला की विचारू नका. मी धाडकन दार लावलं आणि ड्रायव्हरच्याच जागेवर बसून राहिले. गाडी मलाच न्यायची होती. यांना तर गुंगी.

हे दुसऱ्या बाजूला आले. बंद दरवाजासमोर उभे राहिले. हँडलच्या जागी हात गेला, तिथे भोक. मग काचेवर टकटक केली.

मी आरसा नीट केला.

टकटक.

“चार महिने!” मी आतून ओरडले. काच बंद, तरी अख्ख्या गॅरेजला ऐकू गेलं असणार. “चार महिने उभं केलंत मला! समुद्र खवळलाय म्हणे! अहो, लाज कशी वाटली नाही? एवढी का ही डबडी प्रिय झाली तुम्हाला? माझ्यापेक्षा?”

त्यांनी मान जोरात हलवली. नाही, नाही. काही बोलायला गेले, “हं... हं...” कापूस बाहेर यायला लागला, तो आत ढकलला. सुजलेल्या गालाचा, घामाघूम झालेला तो माणूस बघून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, इतकी मी तापले होते. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. दंतवैद्यबाईंची चिठ्ठी गाडीच्या टपावर ठेवली आणि लिहायला लागले. सावकाश, रेघ ओढल्यासारखं सरळ, वेळापत्रकाच्या अक्षरात. लिहून झाल्यावर चिठ्ठी काचेला लावून धरली.

“हँडल बसलं की जुनी जाणार. नवी आली की तू तुझी तू जाणार. मग सात पंचवीसला मी कुठे जाऊ?”

मी ते दोनदा वाचलं. काचेपलीकडे त्यांची बोटं चिठ्ठी दाबून धरत होती, आणि उजेड मागून येत असल्यामुळे कागदातून ती पाचही मोजता येत होती.

मला रडू आलं. आलं म्हणजे आलं, मिस्त्री बघतोय की नाही ते मी पाहिलं नाही. पॉलिश केलेले बूट आठवले, खिशाचं पेन आठवलं, पाच दहाला फाटकाशी उभी असलेली गाडी आठवली. दगदग वाचेल, असं मी स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं त्यांना. ज्या बाईला सगळं उजेडात धरून बघायची सवय, तिनं घरातल्या माणसाला एकदाही तसं धरून पाहिलं नाही.

मी आडवी झाले, हात लांब केला आणि दरवाजा ढकलला. खरंच कण्हावं लागतं, मला माहीत नव्हतं.

हे बसले. मी नाक ओढून म्हटलं, “बोलू नका. तसेही बोलू शकत नाही म्हणा. आता मी सांगते ते ऐका. गाडी राहील. टायवाल्याला मी सोमवारी कळवते, जहाज बुडालं. पण मी हीच चालवायला शिकणार, गिअरसकट, आणि शिकवणार तुम्ही. जाताना मी चालवणार. मला सोडून गाडी घरी कोण आणणार? तुम्ही. पाच दहाला कोण येणार? तुम्ही.”

“हं,” हे म्हणाले.

मिस्त्री खिडकीशी वाकला. “वहिनी, मग हँडल बसवू का आत्ता? पाच मिनिटांत—”

“मुळीच नाही,” मी म्हटलं, आणि हँडल फडक्यात गुंडाळून परत खणात टाकलं. “घाई नाही. चार महिन्यांनी आणते.”

घर गाठायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. गाडी सात वेळा बंद पडली. प्रत्येक वळणावर हॉर्न वाजला, लोकांनी हात केले, आणि माझे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले असल्यामुळे हेच दोघांच्या वतीनं सगळ्यांना हात करत राहिले. शेजाऱ्यांनी आम्हाला येताना पाहिलं आणि धावत जाऊन फाटक उघडून धरलं.

सोमवारी सात पंचवीसला मी गाडीत बसले. हे दुसऱ्या बाजूला, बंद दरवाजासमोर, इस्त्रीच्या शर्टात, हातात माझा डबा घेऊन उभे. मी आरसा नीट केला. चष्मा काढून पुसला, परत चढवला. पट्टा लावला. मग मला त्यांची आठवण झाली.